शस्त्रक्रियेनंतरचा विषाद

हृदयावरील शस्त्रक्रिया उरकून रुग्ण घरी आला की आप्तेष्ट निश्चिंत होतात. परंतु पुष्कळदा तो आठवडेच्या आठवडे खिन्न बसतो. अन्नावर वासना नाही, झोप नाही, 'आता माझा काय उपयोग?' हेच पालुपद. 'अशक्तपणा आहे, जाईल,' हे घरच्यांचे मत मला घातक वाटते. कारण असा रुग्ण औषधे चुकवितो व चालणेही टाळतो.

अमेरिकेत सेंट लुईस येथे बायपास झालेल्या १२३ विषादग्रस्त रुग्णांवरील प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना बारा आठवडे विचारपालटाची संभाषणचिकित्सा मिळाली, त्यांपैकी शेकडा ७१ तीन महिन्यांत विषादमुक्त झाले; नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत शेकडा ३३. ही चिकित्सा म्हणजे उपदेश नव्हे, आणि 'धीर धरा' तर नव्हेच. छातीचे हाड तारांनी सांधलेले. 'चाललो तर ते उकलेल' या भयाने रुग्ण खिळून बसतो. समुपदेशक तो विचार त्याच्याकडूनच लिहवून घेतो, त्यास पुरावा काय ते विचारतो, शस्त्रवैद्याच्या सांगण्याशी ताडावयास लावतो आणि उद्या अंगणात दोन फेऱ्या, एवढाच नेम देतो. फेऱ्या झाल्या, छाती शाबूत! अर्जुनाचा विषादही संवादानेच निवळला होता, हे आपणांस ठाऊकच आहे.

दोन आठवड्यांवर खिन्नता टिकल्यास शस्त्रवैद्यास स्पष्ट सांगावे. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे रुग्णाने सुचविले, तर त्याच दिवशी न्यावे.