विश्लेषण : कवटी न उघडता मेंदूतला रक्तप्रवाह कसा मोजतात?

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजनचा वापर सुमारे २० टक्के. रक्तपुरवठा काही मिनिटे थांबला तरी पेशी मरू लागतात. एमआरआयने हा प्रवाह मोजता येतो. पण काचेच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तासातासाला त्या यंत्रापर्यंत नेणार कसे?

इथे प्रकाश कामी येतो. अंधारात टॉर्चवर बोटे धरली की ती लाल दिसतात, कारण लाल प्रकाश मांसातून पार होतो. त्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीतूनही आत शिरतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिले. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त हा प्रकाश कमीअधिक शोषते. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटरही याच तत्त्वावर चालतो.

मात्र ऑक्सिजन कळला म्हणजे प्रवाह कळला असे नाही. त्यासाठी लेझर लागतो. त्याचा प्रकाश आत विखुरून परत येतो तेव्हा ठिपक्यांची नक्षी उमटते. तांबड्या पेशी हलल्या की हे ठिपके लुकलुकतात. लुकलुकणे जितके जलद, तितका प्रवाह अधिक. ‘डिफ्यूज कोरिलेशन स्पेक्ट्रोस्कोपी’ हे नाव अवजड; काम एवढेच.

अडचणी आहेतच. प्रौढांत प्रकाश मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोहोचतो, डोक्याच्या त्वचेतले रक्त मोजमापात मिसळते आणि दाट काळे केस प्रकाश अडवतात. बाळाची कवटी पातळ, केस विरळ; त्यामुळे तिथे हे तंत्र अधिक चालते. खोलवरचा रक्तस्राव शोधायला मात्र सोनोग्राफी किंवा स्कॅनच लागतो.