साइटवरचं पाळणाघर

पावसाळा सरला की धार जिल्ह्यातल्या अमझेऱ्याच्या आसपासची अनेक भिल्ल कुटुंबं गुजरातेत, इंदुरात मजुरीला निघतात. बांधकामावर घर म्हणजे पत्र्याची खोली. इमारत उठली की तीही मोडायची. आई घमेलं उचलते तेव्हा तान्हं वाळूच्या ढिगाशी, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. म्हणजे तिचीही शाळा बुडाली.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५० हून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे ६ वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि प्रशिक्षित बाई ठेवण्याची अट घातली. पळवाट त्या आकड्यातच होती. काम पोटठेकेदारांत वाटलं की कुणाच्याच हजेरीपटावर ५० बायका भरत नसत. जोडप्याची मजुरी एकत्र दिली तर बाईचं नावच नसे!

तरी साइटवर पाळणाघर चालवणं जमतं. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर काढलं आणि ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. पुण्यात ‘तारा मोबाइल क्रेशेस’ हेच काम करते. साइट हलली की पाळणाघरही हलवायचं, ही यातली खरी युक्ती.

गावातली अंगणवाडी मात्र जागची हलत नाही. शिवाय मूल सांभाळणाऱ्या सेविकेला पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं. अंगणवाडीची योजना तर १९७५ ची.