जॉन एरिक्सन यांची स्मारके

स्वीडनमध्ये १८०३ साली जन्मलेल्या ज्या यंत्रविशारदाने जहाजाच्या मळसूत्री पंख्याची उपयुक्तता सिद्ध केली आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत फिरत्या बुरुजाची ‘मॉनिटर’ ही लोखंडी चिलखताची युद्धनौका अमेरिकन सरकारला बांधून दिली, त्या जॉन एरिक्सन यांचे स्मरण दोन्ही देशांनी मोठ्या आस्थेने जपले आहे. १८८९ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले; त्यांचे पार्थिव पुढील वर्षी ‘बाल्टिमोर’ या युद्धनौकेतून इतमामाने मायदेशी रवाना करण्यात आले व फिलिपस्टाड येथे त्यांस चिरविश्रांती लाभली. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्कातील त्यांच्या ब्राँझच्या पुतळ्याच्या हाती ‘मॉनिटर’ची छोटी प्रतिकृती आहे. वॉशिंग्टनमधील त्यांच्या राष्ट्रीय स्मारकाचे अनावरण २९ मे १९२६ रोजी अध्यक्ष कूलिज यांनी स्वीडनच्या युवराजांच्या उपस्थितीत केले. शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांनी गुलाबी ग्रॅनाइटमध्ये आसनस्थ एरिक्सन घडविले असून, त्यांच्या मागे नॉर्स पुराणातील विश्ववृक्षाभोवती दूरदृष्टी, साहस व श्रम यांच्या मूर्ती उभ्या आहेत. विजयी सेनानींच्या बरोबरीने राष्ट्राने आपल्या कल्पक कारागिराचाही असा गौरव करावा, ही गोष्ट मला अत्यंत अनुकरणीय वाटते. म्हणून वॉशिंग्टनला जाणाऱ्यांनी लिंकन स्मारकापासून जवळच असलेले हे शिल्प आवर्जून पाहावे.