लिंबूवर्गीय फळे व मुलांचे आरोग्य

'लिंबू, संत्रे व मोसंबी यांत क जीवनसत्त्व असते' हे वाक्य आपल्या शाळांतील बहुतेक मुलांस पाठ असते आणि त्याबद्दल त्यांना गुणही मिळतात. परंतु हे जीवनसत्त्व शरीरात कोणते कार्य करते, ते रोज किती लागते, कशाने नाश पावते आणि कोणत्या अन्नासमवेत घेतले असता अधिक फलदायी ठरते, हे सांगितल्यावाचून तो पाठ पुरा झाला असे म्हणता येणार नाही. आज मुलांचे दुपारचे जेवण शाळेतच होते. त्यामुळे आहाराचा पाठ फळ्यावरून थेट ताटात उतरविण्याची संधी प्राथमिक शिक्षकास लाभली आहे. त्या दृष्टीने प्रस्तुत विषयाचा येथे विचार केला आहे.

लिंबूवर्गात आपल्याकडील कागदी लिंबू, संत्रे, मोसंबी, ईडलिंबू, महाळुंग व पपनस ही फळे येतात. नागपूर-अमरावतीकडील संत्री आणि जालना भागातील मोसंबी सर्वपरिचित आहेत. या फळांत पाणी, पोटॅशियम, फोलेट व चोथा हे उपयुक्त घटक असतात. त्यांतील सायट्रिक आम्लामुळे काही प्रकारचे मूतखडे होण्यास प्रतिबंध होतो. तथापि त्यांचा मुख्य गुण म्हणजे क जीवनसत्त्व होय.

गाय, शेळी, कुत्रा हे प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. मनुष्यास ती शक्ती नाही, म्हणून त्याला ते अन्नातूनच मिळवावे लागते. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या व हाडे यांना बळकटी देणारा कोलॅजन नावाचा धागा शरीरात विणला जातो. त्या विणकामास क जीवनसत्त्व अवश्य असते. ते दीर्घकाळ न मिळाल्यास हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत व अंग दुर्बल होते. या रोगास 'स्कर्व्ही' म्हणतात.

या रोगाचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणारे खलाशी स्कर्व्हीने मोठ्या संख्येने दगावत. 1747 साली इंग्रजी आरमारातील जेम्स लिंड या वैद्याने अशा बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीस त्याने निराळा उपचार दिला. एका जोडीस शिरका, दुसरीस पाणी घातलेले गंधकाम्ल, आणखी एकीस समुद्राचे पाणी, असे ते उपचार होते. एका जोडीस मात्र रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले आणि तीच जोडी लवकर सुधारली. शिरका व गंधकाम्ल हीदेखील आंबटच. परंतु त्यांनी गुण आला नाही, हे ध्यानात घ्यावे. पुढे 1795 साली आरमाराने खलाशांस लिंबाचा रस देण्याचे ठरविले आणि रोग हटू लागला.

एवढे होऊनही लिंबातील आंबटपणाच रोग बरा करतो, ही समजूत अनेकांच्या मनातून गेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आरमाराने पूर्वीच्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजमधील दुसऱ्या जातीचे लिंबू स्वीकारले. ते चांगले आंबट होते, पण त्यात क जीवनसत्त्व कमी होते. शिवाय रस काढताना व साठविताना त्यातीलही बरेच नाश पावे. परिणामी 1875 साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या इंग्रजी मोहिमेत, रस जवळ असूनही, स्कर्व्हीने पुन्हा डोके वर काढले. खरा घटक कोणता, हे विसाव्या शतकात उलगडले. हंगेरीचे शास्त्रज्ञ सेंट-ज्यॉर्जी यांना या संशोधनाकरिता 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी हा पदार्थ विपुल प्रमाणात मिळविला तो मिरचीच्या जातीच्या एका फळापासून, ही गोष्ट मुलांस मोठी गमतीची वाटेल.

हाच भेद आपल्या वर्गात एका साध्या प्रयोगाने दाखविता येतो. भाताची पेज पुष्कळ पाण्यात मिसळून दोन पेले भरावेत. प्रथमोपचार पेटीतील आयोडीनचे दोन-दोन थेंब प्रत्येकात टाकावेत, म्हणजे पाणी निळे होते. एका पेल्यात ताज्या लिंबाचा रस थेंबाथेंबाने सोडावा. निळा रंग नाहीसा होतो. दुसऱ्यात वाण्याच्या दुकानातील लिंबूसत्त्वाचे पाणी तसेच थेंबाथेंबाने सोडावे; ते तितकेच आंबट असूनही रंग टिकून राहतो. लिंबूसत्त्व हे केवळ सायट्रिक आम्ल असून त्यात क जीवनसत्त्व नसते. मग आवळ्याचा, पेरूचा व संत्र्याचा रस घेऊन किती थेंबांत रंग जातो, ते मुलांकडून मोजून घ्यावे. प्रयोगातील पाणी कोणी तोंडास लावू नये व प्रयोग संपताच ते फेकून द्यावे.

आता आपल्या मुलांच्या प्रकृतीशी या विषयाचा जो जवळचा संबंध आहे, त्याकडे वळू. स्कर्व्ही आज क्वचितच आढळते. रक्तक्षय मात्र घरोघर आहे. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील 5 ते 9 वर्षांच्या मुलांपैकी सुमारे 24 टक्के आणि 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे 28 टक्के रक्तक्षयी आढळली. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात नऊ-दहा मुले अशी असू शकतात. असे मूल लवकर थकते, खेळात मागे राहते, त्याचे लक्ष पाठावर टिकत नाही. आपण त्यास आळशी किंवा मठ्ठ म्हणून मोकळे होतो. वस्तुतः त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच उणे असते. अशा मुलाची परीक्षा घेण्यापूर्वी त्याची प्रकृती तपासली जावी, हे न्यायाचे होय.

रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण लोहाची उणीव हे आहे. मटकी, हरभरा, बाजरी, पालेभाज्या यांत लोह असते, परंतु शरीर त्याचा थोडाच अंश शोषून घेते. कारण धान्य-कडधान्यांतील फायटेट हे द्रव्य त्यास अडवून धरते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर ते लोहाचे सहज विरघळणाऱ्या रूपात परिवर्तन करते व त्याचे शोषण वाढते. एका जेवणात 25 ते 50 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असल्यास हे शोषण दुपटीपर्यंत, कधी त्याहूनही अधिक, वाढू शकते. मात्र दोन्ही पदार्थ पोटात एकाच वेळी हवेत. सकाळी खाल्लेले संत्रे दुपारच्या उसळीस फारसे साहाय्य करीत नाही. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा हे शोषण बरेच घटवितो, म्हणून मुलांस तो जेवणालगत देऊ नये.

याचे गणितही वर्गात सोडवून घ्यावे. सात ते नऊ वर्षांच्या मुलास रोज सुमारे 45 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. मध्यम आकाराच्या एका संत्र्यातून जवळजवळ तेवढे मिळते. एका कागदी लिंबाच्या रसातून मात्र सहा ते आठ मिलिग्रॅमच मिळते. तेव्हा उसळीवर पिळलेली लिंबाची फोड हा केवळ आरंभ समजावा. तेवढ्याने भागले असे मानू नये. जेथे संत्री महाग पडतात, तेथे पेरू व आवळा यांचा आधार घ्यावा. ती लिंबूवर्गातील फळे नव्हेत, परंतु क जीवनसत्त्वाच्या बाबतीत संत्र्याच्या कित्येक पट सरस आहेत.

शाळांनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात, अशी सूचना आहे.

1. लिंबू आधणात किंवा शिजत्या भाजीत पिळू नये. उष्णता व हवा यांनी क जीवनसत्त्व नाश पावते. ताटात वाढल्यावर फोड द्यावी. लिंबू आयत्या वेळी चिरावे.

2. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. तो कळकतो व बाधतो.

3. तिथी भोजनाच्या निमित्ताने ग्रामस्थ मिठाई देऊ करतात. त्यांस ऋतूप्रमाणे संत्री, मोसंबी, पेरू किंवा आवळे देण्याविषयी विनंती करावी व ती फळे जेवणाबरोबरच वाटावीत.

4. फळ शक्यतो फोडी करून खावे, म्हणजे चोथाही पोटात जातो. सरबतात साखर बेताची असावी. लिंबू दातांवर चोळू नये अथवा सतत चोखू नये. आम्लाने दातांचे वरचे कवच झिजते. आंबट खाल्ल्यानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी.

5. परसबागेत पाण्याची सोय पाहून कागदी लिंबाची एक-दोन कलमे लावावीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' ही जात आपल्याकडे प्रचलित आहे.

संत्रे खाल्ल्याने सर्दी होते, या समजुतीस आधार नाही. तसेच लिंबू खाल्ल्याने सर्दी मुळीच होत नाही, हेही खरे नाही; नियमित सेवनाने तिचे दिवस किंचित कमी होतात, इतकेच. रक्तक्षयाच्या बाबतीतही फळे औषधाची जागा घेत नाहीत. साप्ताहिक लोहाची गोळी, लहानांस गुलाबी व मोठ्यांस निळी, जेवणानंतर नेमाने दिली जावी. जंतनाशक दिनी कोणी मूल सुटू नये. आणि निस्तेज, दम लागणाऱ्या मुलास आरोग्य पथकाकडे दाखवावे.

मुलांचे वजन-उंची नोंदवितानाच डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतील बाजू व नखे फिकट आहेत काय, हे पाहण्याची सवय शिक्षकांनी ठेवावी. त्यावरून निदान करणे हे आपले काम नव्हे. परंतु कोणत्या मुलास वैद्याकडे पाठवावे, हे रोज त्याच्यासमोर उभे राहणाऱ्या शिक्षकासच आधी कळू शकते. येत्या केंद्र संमेलनात प्रत्येक शाळेने वरील प्रयोग करून पाहिल्याचे व ताटात काय बदल केला त्याचे थोडक्यात निवेदन करावे, म्हणजे एका शाळेचा अनुभव दुसरीस उपयोगी पडेल.