वालुकाश्माची जडणघडण

सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर ज्याची दृष्टी पोसली आहे असा मराठी प्रवासी बदामीस पोहोचला, की तेथील तांबूस कड्यांपुढे क्षणभर खिळतोच. कारण तप्त लाव्हारस थिजून झालेल्या आपल्या कातळाहून हा पाषाण निराळ्या कुळीचा, वाळूतून घडलेला आहे.

डोंगर झिजतात, त्यांतील दुबळी खनिजे वाटेतच कुजून मातीस मिळतात, आणि गारगोटीचे कणखर कण तेवढे नदीपात्रांत, किनाऱ्यांवर वा वाळवंटांत साचत जातात. त्यांवर थर चढून भार वाढला, की फटींतून झिरपणारे पाणी सिलिका, चुना किंवा लोह मागे ठेवते आणि ०.०६ ते २ मिलिमीटरांचे ते सुटे कण एकमेकांस जखडले जातात. या दगडाचे खरे शील, माझ्या मते, वाळूपेक्षा या सांधणाऱ्या द्रव्यात आहे. सिलिकेने सांधलेला दगड शतके टिकतो, चुन्याने सांधलेला आम्लयुक्त पाण्याने खंगतो, मातीने सांधलेला बोटाने चोळताच भुरभुरतो. तांबडा रंगही बहुधा लोहाच्या गंजाचाच.

बदामीच्या कड्यांवर नीट पाहिले, तर आडव्या थरांच्या पोटात तिरप्या रेघांच्या जुड्या दिसतात. ज्या काळी पृथ्वीवर मासाही जन्मला नव्हता, त्या काळच्या प्रवाहांनी वाळू कोणत्या दिशेस लोटली, याचा तो अस्सल दस्तऐवजच होय. याच दगडात चालुक्यांच्या पाथरवटांनी लेणी कोरली. तिसऱ्या लेण्यात पहिल्या कीर्तिवर्म्याच्या कारकिर्दीतील शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा शिलालेख आहे, आणि तेथील शेषासनस्थ विष्णूचे अलंकार पाहताना टाकीस हा दगड किती वश होतो, याची खात्री पटते.

थरांच्या सांध्यावर सरळ फाटत असल्याने फरशी, छपराच्या लाद्या व घडीव चिरे यांसाठी त्याची मागणी मोठी; शहाजहान बादशहाने १६३९ साली दिल्लीचा लाल किल्ला बांधावयास घेतला, तोही याच जातीच्या तांबड्या दगडात. पण सच्छिद्रता हा त्याचा गुण तसा वैरीही आहे. ओलीबरोबर क्षार आत शिरतात, पाणी सुकताच त्यांचे स्फटिक फुगतात आणि कोरीव पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. म्हणून अशा इमारतींच्या दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा थापणे घातक, कारण ओल आतच कोंडते.

हीच सच्छिद्रता जमिनीखाली मात्र उपकारक ठरते. नागपूरजवळच्या कामठीचे नाव भूशास्त्रज्ञांनी ज्या वालुकाश्मास दिले, तो पूर्व विदर्भात कोळशाच्या थरांवर पसरलेला असून पाण्याचा मोठा साठा पोटात बाळगतो. तेथील विहिरींस त्याच्यामुळे पाणी लाभते, आणि कोळसा काढणाऱ्यांस मात्र तेच पाणी उपसावे लागते.