मेंढीच्या पाठीवरून सुईवर

मेंढी भादरणे म्हणजे तिच्या अंगावरची लोकर लोखंडी कातरीने कातडीलगत उतरवणे. दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा उतरवतात. महिने कळपाच्या फिरतीप्रमाणे बदलतात, पण भर पावसाचे दिवस टाळले जातात. भिजलेली लोकर लवकर वाळत नाही. या कामाला जादा हात नेहमीच लागतात. सुयांवर विणण्याची हौस असलेल्या माणसाला आपला धागा मुळापासून समजून घ्यायची याहून चांगली जागा नाही, आणि ती वऱ्हाडातल्या बाळापूरच्या पट्ट्यातही सापडते.

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर 1757 मध्ये पुऱ्या झालेल्या किल्ल्यासाठी ओळखले जाते. एकेकाळी इथला हातकागद आणि विणकामही नावाजलेले होते. दक्षिणेला पातूरचे डोंगर आणि पुढे वाशीमचा मुलूख लागतो. हटकर धनगरांची या पट्ट्यातली वस्ती फार जुनी आहे. कच्छ-काठेवाडकडचे रबारीही मेंढ्या आणि उंट घेऊन विदर्भात फिरतात. पिके निघाली की शेतकरी लेंडीखतासाठी कळप रानात बसवून घेतात. मेंढपाळाची कमाई या खतावर आणि मांसावर चालते. लोकरीचा भाव कातरणीची मजुरीही भरून काढत नाही, म्हणून ती पुष्कळदा बांधावर टाकून दिली जाते. त्याच वेळी अकोला-खामगावच्या दुकानांत लोकरीचा गुंडा म्हणून जे विकले जाते, ते बहुतांशी ॲक्रिलिक असते. ही विसंगती कोणाही विणणाऱ्याला बोचायला हवी.

पाणी जवळ असेल तर मेंढ्या आधी धुऊन पुरत्या वाळवतात. कातरताना पोट रिकामे असले म्हणजे आडवी पाडलेली मेंढी गुदमरत नाही. एक जण धरतो, दुसरा कातरतो. कातडी ताणून धरली नाही तर तिची घडी पात्यात सापडते. जखमेवर लगेच औषध लावावे लागते, नाहीतर माश्या बसून अळ्या पडतात. ऑस्ट्रेलियात 1892 मध्ये जॅक हाऊ याने हातकातरीनेच 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या भादरल्या होत्या. तो हात जन्मभराच्या सरावाचा होता. नवख्याने कातर मागूच नये. मेंढ्या आणून देणे, पाय धरणे, उतरलेली लोकर पालावर पसरणे ही त्याची कामे, आणि गाभण मेंढीला ओढाताण करायची नाही हा पहिला नियम.

खरी मदत निवडणीत होते आणि विणणाऱ्याची नजर तिथेच कामी येते. पाठ आणि खांद्याची लोकर लांब, त्यामानाने स्वच्छ. पोटाची आखूड आणि गुंतलेली. मागच्या पायांकडची लेंडीने माखलेली, ती बाजूलाच टाकावी. काळी, तपकिरी, पांढरी असे ढीग वेगळे लावले तर रंगवण्याची गरज उरत नाही. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, सर्वांत मऊ; मऊ घोंगडीसाठी तिला वेगळा मान आहे. वऱ्हाडच्या पडीक रानातली कुसळे आणि गोखरू मात्र हातानेच वेचावे लागतात. इथे घाई केली तर पुढे कातताना प्रत्येक काडी बोटाला टोचते.

घरी आणलेली लोकर रिठ्याच्या कोमट-गरम पाण्यात नुसती बुडवून ठेवावी. चोळली किंवा एकदम थंड पाण्यात टाकली तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून तिचा नमदा होतो. वाळल्यावर पिंजून टकळीवर कातता येते. कापसापेक्षा तंतू लांब असल्याने नवशिक्यालाही धागा लवकर जमतो. दोन पदरी पीळ दिल्यावर तो सुयांवर टिकतो.

अपेक्षा मात्र बेतशीर ठेवावी. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 18 ते 24 मायक्रॉनचा असतो, दख्खनीचा 30 च्या पुढे आणि केसाळ. तो अंगाला टोचतो, म्हणून बाळाच्या टोपीला उपयोगाचा नाही. पिशवी, आसन, गालिचा, सदऱ्यावरून घालायचे जाकीट यांना तो उत्तम, कारण झिजता झिजत नाही. एका मेंढीपासून वर्षाला अर्धा-पाऊण किलो कच्ची लोकर मिळते. धुतल्या-निवडल्यावर ती आणखी घटते, तेव्हा मोठ्या माणसाच्या स्वेटरला एक मेंढी पुरेलच असे नाही.

महाराष्ट्रात 2019 च्या पशुगणनेत सुमारे 27 लाख मेंढ्या होत्या. पुण्यात 1978 पासून असलेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र अमरावतीजवळ पोहरा येथे आहे. जातींची माहिती हवी असणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. कळपाकडे जाताना आधी विचारून जावे, दिवसभर सांगतील ते काम करावे. निवडलेली लोकर फुकट मागू नये. टाकून देणार असले तरी तिचे पैसे मोजून द्यावेत.