थर दिला की उकाडा आत कोंडतो?

"इन्सुलेशन म्हणजे थंड देशांतलं खूळ. आपल्याकडं छताला असला थर दिला तर उकाडा आत कोंडून घराची भट्टी होईल." हातकणंगले असो, रुकडी असो की इचलकरंजी, घरबांधणीचा विषय निघाला की हे ऐकावं लागतंच. गवंडी सांगतो, शेजारी मान डोलावतो, आणि चार-पाच इंची उघडा स्लॅब पडतो. मग पहिल्याच उन्हाळ्यात एसीची चौकशी सुरू!

उष्णता जास्त तापलेल्या बाजूकडून कमी तापलेल्या बाजूला जाते. थर तिची वाट अडवतो, दिशा कुठलीही असो. युरोपात तो घरातली ऊब राखतो, आपल्याकडं एप्रिलमधली धग बाहेर थोपवतो. रात्री नऊला पंखा बंद करून, स्टुलावर चढून स्लॅबला खालून तळहात लावून बघा. दिवस मावळून दोन तास झाले तरी काँक्रीट तापलेलंच असतं. दोन इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला सुमारे दोन मीटर जाड काँक्रीट लागेल. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त छतातून आत येणाऱ्या उष्णतेला जी कमाल मर्यादा घातली आहे, ती देशातल्या सगळ्या हवामान विभागांना लागू आहे. नुसता स्लॅब तिच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो.

आणि परदेशी कसलं? जुन्या कौलारू घरात माळ्याच्या फळ्यांवर मातीचा थर असे, त्यावर कौलांपर्यंत मोकळी हवा. भर दुपारी माळ्यावर उभं राहवत नाही, पण खाली सोप्यात डोळा लागतो. ते इन्सुलेशनच होतं.

कोंडण्याच्या भीतीत एवढंच खरं, की माणसांची, चुलीची उष्णताही रात्री छतावाटे कमी जाते. त्यासाठी समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

कोबा केलाय म्हणजे झालं, असं नाही; तो गळती थांबवतो, ऊन फारसं नाही. गच्चीचा पांढरा रंग नुसता दिखाऊ नाही, तो ऊन परतवतो. तेलंगणानं 2023 मध्ये अशा ऊन परतवणाऱ्या छतांसाठी स्वतंत्र धोरण केलं. गच्चीवर धूळ साचू देऊ नका, एवढंच.

'बिल निम्मं होतं' हेही सरसकट खरं नाही. नुसते पंखे असतील तर बिल जवळपास तेवढंच येईल, झोप मात्र लागेल. एसी असेल तर वाचणारी युनिटं महावितरणच्या वरच्या, महागड्या टप्प्यातली असतात. तिथं फरक कळतो.

पत्र्याखाली उघडा थर्माकोल चिकटवायचा स्वस्त उपाय मात्र करू नका. तो भराभर पेटतो. आग रोखणारा प्रकार घ्या, खालून जिप्सम बोर्डनं झाका आणि जुनं वायरिंग आधी बदलून घ्या.